कॅप्टनच्या जेवणाचा कोट

१

कोट गेल्याचं पहिल्यांदा लक्षात आलं ते रखमीच्या, आणि तेही चिकूमुळे.

थोरल्या दिपकसाठी तिने चिकूच्या फोडी सुकवून ठेवल्या होत्या. उद्या सकाळी भाड्याची जीप दारात येणार, तिथून डहाणू, डहाणूहून मुंबई आणि मुंबईच्या बंदरातून दिपक कामाला होता ती बोट. पोराच्या तोंडी घरचा चिकू पडायचा तर डबा आत्ताच बॅगेत गेला पाहिजे, असं म्हणून तिने भर दुपारी धाकट्या सुरजला झोपेतून उठवलं. बॅगेला आकड्यांचं कुलूप होतं आणि तो आकडा घरात दोघांनाच ठाऊक होता, सुरजला आणि दिपकची बायको योगिताला. सुरजने डोळे चोळत चाकं फिरवली, कुलूप काढलं आणि झाकण उघडलं. डबा कुठे बसतो ते बघायला रखमीने वरचे कपडे उचलले आणि तिथेच बसकण मारली.

“बाबाचा कोट कुठं हाय?”

चुलीपाशी भाकरी थापणाऱ्या योगिताचे हात थांबले. रखमीने सगळी बॅग उपसली. नवे बूट होते, स्वेटर होते, बोट लागू नये म्हणून घ्यायच्या गोळ्या होत्या. कोट नव्हता. आणि दिपकने बायकोसाठी पाठवलेला काळा गाऊनही नव्हता. रखमीने आधी देवाचं नाव घेतलं आणि मग चोराचा उद्धार सुरू केला.

योगिता दारात येऊन उभी राहिली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि घरातल्या सगळ्यांनी त्याचा सोयीस्कर अर्थ लावला, की बिचारीचा गाऊन गेला.

गाऊनचं तिला चांगलंच ठाऊक होतं. तो तिनेच सकाळी काढून लपवला होता. पण कोटाला तिने हातसुद्धा लावला नव्हता.

२

आता गाऊन का लपवला ते सांगायला हवं, नाहीतर योगिता उगाच बदनाम व्हायची.

दिपक बोटीवर कामाला होता. प्रवाशांच्या खोल्या आवरायच्या, चादरी बदलायच्या, हसतमुख राहायचं. तळासरीच्या पाड्यावरून बोटीपर्यंत पोचलेला तो पहिलाच. यंदा त्याला घरच्या दोन माणसांना बोटीवर फिरवायची मुभा मिळाली, तेव्हा त्याने बाप भिका आणि बायको योगिता अशी नावं दिली. आईला बैलगाडीतही मळमळतं, त्यामुळे तिने आधीच हात जोडले होते.

मग फोनवरून सूचनांचा भडिमार सुरू झाला. डेकवर वारं असतं, स्वेटर घ्या. जिना ओला असतो, पट्ट्याच्या चपला घ्या. पण खरी भानगड संध्याकाळची होती. बोटीवर दिवसा काहीही घालावं, दिवेलागणीनंतर नियम लागू. पहिल्या संध्याकाळी साधं पण नीटनेटकं, मधल्या संध्याकाळी सगळ्यांनी पांढरं, आणि शेवटच्या संध्याकाळी कॅप्टनचं जेवण. त्याला पुरुषांनी कोट आणि बायकांनी संध्याकाळचा खास पोशाख. हाफ पँट, बनियन किंवा साध्या चपलांत आलेल्या माणसाला जेवणघराच्या दारातून परत पाठवतात, असं दिपकने बजावून बजावून सांगितलं. भिकाची उभी हयात नेमक्या याच मनाई केलेल्या कपड्यांत गेली होती. घोलवडच्या वाड्यांत चिकू उतरवायला कोण कोट घालून झाडावर चढतो? शेवटी सुरजने डहाणूच्या मनिषच्या दुकानातून, जिथे नवरदेवांचे कपडे भाड्याने मिळतात तिथून, बापासाठी कोट आणला.

योगिताचा गाऊन दिपकने स्वतः पाठवला. काळा, पायघोळ, आणि खांद्यापाशी कापडाची बरीच काटकसर केलेला. “तू तिथल्या पाहुण्यांसारखी दिसली पायजे,” तो फोनवर म्हणाला होता. त्याच्या आवाजातली हौस ऐकून तिच्याने नाही म्हणवलं नाही.

पण या घरात सून सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नव्हती. भिका जेवायला बसला की योगिता आतल्या खोलीत जायची, आणि त्याचं ताट उचलल्याशिवाय बाहेर येत नव्हती. कोणी सक्ती केली नव्हती, रीतच तशी होती. आणि आता त्याच सासऱ्यासमोर, एकाच टेबलावर, उघड्या खांद्यांनी काट्याचमच्याने जेवायचं? नुसत्या विचाराने तिची झोप उडाली होती. नवऱ्याला सांगितलं तर तो हिरमुसणार, सासूला सांगितलं तर ती दिपकला शिव्या घालणार. त्यापेक्षा गाऊन हरवलेला बरा, असं तिने ठरवलं.

म्हणून सकाळी घरात कोणी नाही असं बघून तिने बॅग उघडली, गाऊन काढला आणि त्याच्या जागी आपली ठेवणीतली साडी ठेवली. तेवढ्यात अंगणात सासूची चाहूल लागली. गाऊन पोटाशी धरून ती मागच्या खोलीत पळाली आणि तो भाताच्या कणगीत खोल खुपसला. घाईत बॅगेचं कुलूप मात्र तसंच उघडं लोंबत राहिलं.

आता तिला तेच आठवत होतं. तिने कुलूप उघडं टाकलं होतं. मग दुपारी सुरजला चाकं कशी फिरवावी लागली? तिच्यानंतर कोणीतरी कोट नेला होता आणि जाताना कुलूप नीट लावून गेलं होतं. म्हणजे आकडा ठाऊक नसलेलाही कोणी कोट नेऊ शकत होता. पण ही गोष्ट सांगायची, तर आपण बॅग का उघडली तेही सांगावं लागणार होतं.

आणि घरातले सगळे सुरजकडे बघत होते.

३

कोट भाड्याचा होता. मनिषला कळलं असतं तर तो थेट पोलिसांत गेला असता, म्हणून रखमीने पोलीस पाटील संगिताबाईला बोलावून घेतलं.

संगिताबाई शेजारच्या पाड्यावरची. सुकी मासळी विकायची आणि जमेल तेव्हा गावातले तंटे मिटवायची. तिची एक खोड होती. चोरीला काय गेलं हे ती एकदाच विचारायची, आणि मागे काय राहिलं ते मात्र उलटसुलट करून दहादा बघायची. तिने चहा नको म्हटला, ओसरीवर पाय पसरले आणि एकेकाला समोर बसवलं. योगिता आतून दाराआड उभी राहून ऐकत होती.

रखमीने सगळं सांगून टाकलं, विचारलं नव्हतं तेही. आदल्या दिवशी सुरजने तो कोट घालून फोटो काढले होते, स्टेटसला टाकले होते, आरशापुढून हलत नव्हता. त्या कोटात त्याचा जीव अडकला होता. आज सकाळी तो गाडीवर गोणी टाकून तळासरीला गेला आणि उशिरा आला. आई असून मी हे बोलते आहे, असं म्हणत तिने पदराने डोळे पुसले.

भिका चिकू काढायच्या काठीची जाळी विणत बसला होता. त्याने जाळीवरून नजर काढली नाही. आपण म्हातारं माणूस, आपल्याला त्या कुलुपातलं काही कळत नाही, एवढंच म्हणाला. कोट गेला तर गेला, मी राहतो घरी, सून एकटी जाईल, पोर बंदरावर घ्यायला येतोच आहे, असंही त्याने पुढे जोडलं. संगिताबाईने त्याच्याकडे जरा वेळ बघितलं आणि मग सुरजला हाक मारली.

गोणीत काय होतं? भात, गिरणीत भरडायला नेलं होतं. भरलं कोणी? मीच. कुठून? कणगीतून.

दाराआड योगिताला सकाळची कणगी आठवली. पण गाऊन तर तिने कोपरापर्यंत हात घालून आत ढकलला होता. वरवरचं भात काढणाऱ्याला तो कसा लागेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

पुढे संगिताबाईने विचारलं, की बॅगेला हात लावलास का, कोणाला लावताना पाहिलंस का, कोणावर संशय आहे का. पहिल्या प्रश्नाला सुरज नाही म्हणाला. पुढच्या दोन्हींना त्याने उत्तरच दिलं नाही. मान खाली घालून पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिला. संगिताबाईचा आवाज तेव्हा पहिल्यांदा चढला.

“सुरज, तुझं बोटीवरच्या नोकरीचं चाललंय. ठाण्यातनं मला विचारायला येतील, पोरगा कसा हाय म्हणून. आज मी काय सांगू त्यांना?”

“तुमाला दिसेल ते सांगा,” तो म्हणाला.

दिपकने खटपट करून धाकट्यासाठी शब्द टाकला होता. मुलाखत झाली होती. आता फक्त पोलिसांकडून वर्तणुकीचा दाखला मिळायचा होता, आणि तो पाटलीणबाईच्या शब्दावर अडला होता. ती नोकरी गेली तर हा पोरगा आयुष्यभर दुसऱ्यांच्या वाड्यांत रोजंदारी करणार हे योगिताला कळत होतं. आपण एक वाक्य बोललो तर तो सुटतो हेही कळत होतं. तरी ती दाराआडच राहिली.

४

तिला स्वतःची लाज वाटत होती आणि भीतीही वाटत होती, आणि दोन्हींत भीती वरचढ ठरत होती. गाऊन लपवणारी सून म्हटल्यावर कोटही हिनेच नेला असं सगळे म्हणणार. दिपकला कळणार. कदाचित कोट कुठेतरी सापडेल, प्रकरण आपोआप मिटेल आणि बोलायची वेळच येणार नाही, असल्या आशेवर ती चुलीतली लाकडं उगाच पुढे मागे सरकवत राहिली. असल्या आशा भित्र्या माणसांनाच सुचतात.

सगळे ओसरीवर आहेत असं बघून ती मागच्या खोलीत गेली आणि तिने कणगीत हात घातला. गाऊन जागेवर होता. पण हाताला कापड लागलं नाही, प्लास्टिक लागलं. तिने ओढून बघितलं. तिने तो नुसताच कोंबला होता. आता तो नीट घडी घालून एका स्वच्छ पिशवीत ठेवला होता आणि पिशवीचं तोंड बांधलेलं होतं.

कोणालातरी ठाऊक होतं.

ज्याने कोट नेला त्यालाच हेही ठाऊक असणार, तिच्या मनात आलं. तिने पिशवी पुन्हा भातात दडवली. मग हात पुसून ती बाहेर आली.

संगिताबाई आता बॅगेपाशी फतकल मारून बसली होती आणि योगितालाच हाक मारत होती. तिने तीन गोष्टी विचारल्या, आणि तिन्ही अगदी साध्या होत्या. बूट नवे आहेत का? हो, कोटावर घालायला आणलेले. म्हाताऱ्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या कुठे आहेत? योगिताने बॅगेत हात घालून चाचपलं. गोळ्यांचं पाकीट तिने स्वतः काल कोटाखाली ठेवलं होतं, आता ते नव्हतं. आणि ही साडी?

“मीच भरली. काल,” योगिता म्हणाली.

रखमी पलीकडून पटकन म्हणाली, की काल कशी असेल, आज सकाळी तर ती दोरीवर वाळत होती. तिला बिचारीला आपण काय बोललो याचा पत्ताही नव्हता. संगिताबाईने साडीची घडी सारखी केली, परत बॅगेत ठेवली आणि योगिताकडे बघितलंही नाही. त्या न बघण्यानेच योगिताला कळलं, की हिने ओळखलंय.

“सगळ्यांनी ओसरीवर या,” संगिताबाई म्हणाली. “उजेड हाय तोवर मला घरी जायचंय.”

५

ऊन उतरलं होतं. भिका काठी घेऊन तसाच बसून होता. सुरज खांबाला टेकून उभा होता, जणू जीपचं भाडं विचारायला आलेला परका माणूस.

संगिताबाईने घसा साफ केला. चोराला कोट घालून मिरवायचं असतं किंवा विकायचं असतं, तर त्याने शेजारचे नवे बूट सोडले नसते, ती म्हणाली. आणि रक्तदाबाच्या गोळ्या कुठला चोर नेतो? कोटाबरोबर गोळ्या बाहेर निघाल्या, म्हणजे काढणाऱ्याला ठाऊक होतं, की ज्याच्या त्या गोळ्या आहेत तो माणूस बोटीवर जाणार नाही, घरीच राहणार आहे, आणि घरी त्याला त्या लागतील. कोटाच्या जागी दुसरं काही ठेवलंही नव्हतं. गाऊनचं उलट होतं. तिथे त्याच जागी साडी आली होती. गाऊन काढणाऱ्या माणसाला बोटीवर जायचं होतं आणि त्या रात्री अंगावर घालायला काहीतरी लागणार होतं.

“दोन माणसं, दोन कामं,” ती म्हणाली. “एकाला जायचं नव्हतं आणि दुसऱ्याला गाऊन नको होता. यात सुरज कुठंच बसत नाय. मला नावं ठाऊक हायत. पण मी बोलण्यापेक्षा ज्याचं त्याने बोलावं.”

योगिताने तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं.

तेवढ्यात भिका उठला. खुंटीवर त्याची जुनी घोंगडी टांगलेली होती. तिला बिडीचा असा वास यायचा, की घरात दुसरं कोणी तिला शिवत नव्हतं. त्याने ती बाजूला केली. खाली कोट होता, हँगरसकट, एक सुरकुती नसलेला.

“मीच काढला,” तो म्हणाला. “दोनी मीच काढले. झगा पण.”

मग तो सांगत गेला, सुनेकडे न बघता. दिपक फोनवर गाऊनबद्दल बोलत होता ते त्याने ऐकलं होतं. आपण समोर बसलो तर ही पोरगी डोक्यावरून पदर काढायची नाही, घास गिळायची नाही, आणि तिकडे नवरा वाट बघणार. पोराची एवढी हौस, ती आपल्यापायी का मोडायची? नको म्हणालो तर दिपक ऐकायचा नाही. कोट नसला की नियमच आडवा येईल आणि कोणाला वाईट वाटणार नाही, असा त्याने हिशोब केला होता. सुरजवर बालंट येईल हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. आल्यावर मात्र तोंड उघडायची हिंमत झाली नाही, असं म्हणताना म्हाताऱ्याचा आवाज फाटला.

संगिताबाईने सगळं ऐकून घेतलं. “दादा, तुमाला आकडा येत नाय. मग कुलूप उघडलं कसं?”

“उघडंच होतं,” भिका बोलून गेला. “मी लावलं, चाकं फिरवली...” आणि मग आपण काय बोललो ते कळून तो गप्प झाला. गाऊनचं पाप आपल्या माथी घ्यायला निघालेल्या माणसाने सुनेला पुरतं उघडं पाडलं होतं.

योगिता खाली बसली. तिचा सगळा धीर सुटला. गाऊन मी काढला, कणगीत लपवला, कुलूप मी उघडं टाकलं, दुपारपासून मला ठाऊक होतं की यात सुरजचा काही संबंध नाही, असं ती जमिनीकडे बघत एका दमात बोलली. सासऱ्याकडे बघायची तिची टाप नव्हती. रखमीने कपाळाला हात लावला. मग सुरजच्या जवळ जाऊन त्याच्या पाठीवरून हात फिरवू लागली. तो नुसता उभा राहिला.

दिपकला फोन लागला तेव्हा उरलासुरला घोळही उलगडला. कॅप्टनच्या जेवणाला साडी चालते, आपल्याकडचा कुठलाही सणाचा पोशाख चालतो. म्हाताऱ्याने धुतलेलं धोतर, सदरा आणि वर बंडी घातली तरी कोणी दारातून परत पाठवत नाही. बोटीच्या सूचनेत तसं होतं. दिपकने ते घरी सांगितलंच नव्हतं. “रोज त्या लोकांना बघतो ना मी,” तो फोनवर म्हणाला. “मला वाटलं, एक दिवस आपली माणसं पण तशी दिसावीत.” भिकाने फोन कानाला लावला आणि मी येतो, काय घालायचं ते माझं मी बघतो, एवढं सांगून परत दिला.

संगिताबाई चपला घालत सुरजपाशी थांबली. ठाण्यातून विचारलं तर काय सांगायचं ते मला आता कळलंय, असं तिने त्याला सांगितलं. आणि जाता जाता तिच्या मनात राहिलेली एक गोष्टही विचारली.

“कणगीत गाऊन तुला सापडला होता ना? मग सांगितलं का नायस?”

योगिताने मान वर केली.

“भाताची कुसळं लागली असती,” सुरज म्हणाला. “म्हणून पिशवीत ठेवला.” ते त्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. संगिताबाई थांबून राहिली, तेव्हा तो वहिनीकडे एकदा बघून हळूच म्हणाला, “मला वाटलं, वयनी बोलेल.”

संगिताबाई गेली. रखमी चिकूचा डबा घेऊन पुन्हा बॅगेपाशी बसली, भिका बिडी शोधायला लागला. अंगणात सुरज गाडी पुसत होता. योगिता त्याच्यामागे जाऊन उभी राहिली. काय बोलायचं ते तिने दारातून येताना ठरवलं होतं, पण तोंडातून भलतंच निघालं.

“सुरज, मी बोलणारच होते.”

सासऱ्याने कुलूप उघडं असल्याचं सांगितलं नसतं तर ती बोलली असती का? म्हाताऱ्याला दोन्ही गुन्हे अंगावर घेऊ दिले असते का?

सुरजने फडका पिळला. तिच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं.

“माहीत हाय मला,” तो म्हणाला.

दुपारी तो तिच्यासाठी गप्प राहिला होता, आता तिच्याचसाठी खोटं बोलत होता. आणि या वेळी ते तिला कळलं होतं.